दोन स्टेपन्या आणि एक मेंढा

आम्हाला पळवून नेलं त्या दिवशी सगळ्यात आधी हात धुवायला पाणी मिळालं, मग कॉफीच्या सालींचा गरम काढा, आणि मग पाठीला टेकायला उशी. रदमानकाकांना गुडघ्याचा त्रास आहे असं कळल्यावर त्यांना दोन उशा.

डोंगरातल्या वळणावर रस्त्यात दगड टाकून आमचे तीन ट्रक अडवले होते. ट्रकांत गव्हाचं पीठ, मसूर आणि तेल. खाली किनाऱ्यावर, तिहामाच्या वाळूत आमची विस्थापितांची छावणी आहे, तिथं हे सगळं पोचायचं होतं. मी त्या छावणीतलाच. मदतसंस्थेनं मला मालाबरोबर फिरायला ठेवलं, कारण मला वाचता येतं आणि नाक्यावरच्या बंदूकवाल्याला हसवता येतं. या बाजूचे नाके, त्या बाजूचे नाके, आणि कुठल्याच बाजूचे नसलेले नाके, सगळे मी हसवत पार केले होते. या वळणावर मात्र नुसते दगड होते. दगडांपुढे माझं काही चाललं नाही.

दगडांमागून शेख मबखूत आले. पन्नाशीचे, उंच, काटकुळे, पोटावर जंबिया म्हणजे वाकडी कट्यार, डोक्यावर पगडी. त्यांनी आमच्या तिन्ही ड्रायव्हरांचे गालाला गाल लावून मुके घेतले, मग माझा घेतला आणि म्हणाले, "माफ करा हं. तुमच्याशी आमचं काही भांडण नाही. पंपाचं आहे."

"कसला पंप?"

"पाण्याचा. सरकारी ऑफिसनं दुरुस्तीला नेला, परत दिला नाही. पंप येईपर्यंत ट्रक हलणार नाहीत. तोवर तुम्ही माझे पाहुणे."

"आणि पीठ?" मी विचारलं.

शेखनी दाढीला हात लावला आणि दगडांवर बसलेल्या सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पीठ माझ्या चेहऱ्याच्या राखणीत. त्यातली चिमूट जरी कमी झाली तरी हा चेहरा मी कुणाला दाखवणार नाही."

गावानं माना हलवल्या. झालं. आता त्या पिठाला कुणी बोट लावणं म्हणजे शेखच्या चेहऱ्याला चिखल फासणं. मला त्यापेक्षा चोर परवडले असते. चोराशी भाव तरी करता येतो.

पंपाचं प्रकरण असं होतं, की तो ज्या ऑफिसात दुरुस्तीला गेला ते ऑफिस मधल्या काळात लढाईच्या पलीकडच्या बाजूला गेलं. म्हणजे ऑफिस जिथल्या तिथंच होतं, बाजू सरकली होती. आता इकडचं सरकार म्हणे, तिकडच्यांना विचारा. तिकडचं म्हणे, तुम्ही इकडचे. गावातल्या बाया रोज उन्हातून दरीत उतरून पाठीवर पाणी आणत होत्या. ज्वारी करपली होती. गात, म्हणजे चघळायच्या नशेच्या पानांचं झाड, मात्र टिकून होतं, कारण गावातल्या पुरुषांनी वाट्याचं पाणी त्याला घातलं होतं. दुपारी सगळे त्याची पानं गालात भरून बसायचे आणि पाणी कसं आणावं यावर गंभीर चर्चा करायचे.

मला बसवत नव्हतं. मी दिवाणखान्यातून अंगणात, अंगणातून गच्चीवर, गच्चीवरून ट्रकांपाशी, असा घिरट्या घालत होतो. फोनला रेंज फक्त गच्चीवर, कोरड्या टाकीला कान चिकटवून उभं राहिलं तरच. पहिल्यांदा मी संस्थेला फोन केला. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "आम्ही परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत."

"मी पण," मी म्हणालो. "अगदी जवळून."

"तुम्ही शांत राहा. काहीही करू नका."

"तेच चाललंय."

दुसरा फोन माझ्या बहिणीचा, इब्तिहालचा. तिला 'कशी आहेस' विचारायच्या आत ती सुरू झाली.

"पीठ कुठंय, गाढवा?"

"अगं, अडवलंय."

"इथं लोक म्हणतात तू विकलंस. विकून मोटरसायकल घेतलीस."

"मला मोटरसायकल चालवता येत नाही."

"तेच मी सांगितलं. म्हणाले, शिकला असेल." मग तिचा आवाज खाली आला. "जुबरान, मागच्या महिन्याचं धान्य आलंच नाही, माहितीय ना तुला. आई म्हणते तिला भूक नाही. रोज म्हणते. मला दूध येत नाहीये नीट. बाळ चोखतं, सोडतं, परत चोखतं. शेजारच्या फातिनच्या मुलाला दवाखान्यात नेलं, तिथं रांग आहे. तू कधी येतोस ते सांग, बाकी काही सांगू नकोस."

मी म्हणालो, लवकर. ती म्हणाली, लवकर म्हणजे कधी. रेंज गेली. खरं तर मी टाकीपासून कान बाजूला घेतला.

खाली दिवाणखान्यात जेवण आलं होतं. असीदचा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा, मोठा गोळा, मधल्या खड्ड्यात रस्सा, वर तूप. कोंबडी. मध. हे आम्हाला पळवून नेणाऱ्यांचं गरीब गाव. सालमीन हा आमचा दुसरा ड्रायव्हर, हद्रमौतचा, हिशोबी. त्यानं पहिला घास घेतानाच बेत आखला.

"हे बघा," तो हळूच म्हणाला. "पाहुण्याला हे लोक नाही म्हणू शकत नाहीत. आपण खायचं. दोन्ही वेळा, पोट फुटेस्तोवर. गावाचा कणगा रिकामा झाला की हेच आपल्याला ढकलत ढकलत घाटाखाली पोचवतील."

"हे पाप आहे," रदमानकाका म्हणाले. ते सगळ्यात वडील, आयुष्य घाटात गेलेले.

"अडवणं पाप नाही का?"

"ते भांडण आहे. भांडण वेगळं." पण त्यांनी कोंबडीची तंगडी घेतली.

तिसरा ड्रायव्हर मुथन्ना. तो झोपला होता. मुथन्नाला पळवून नेल्याचं अजून नीट कळलंच नव्हतं असा माझा अंदाज आहे.

तर आम्ही खायला लागलो. मला वाटतं जगाच्या इतिहासात उपाशी माणसांसाठी पीठ नेणाऱ्या इतर कुणी इतक्या चिकाटीनं जेवण केलं नसेल. सकाळी भाकरी आणि मेथीचा फेस, दुपारी असीद, संध्याकाळी परत काहीतरी. मी एक घास घ्यायचो आणि इब्तिहालचं बाळ आठवायचो, आणि दुसरा घास घ्यायचो, कारण बेत तसा होता. शेख आमच्याबरोबर बसायचे पण जेवायचे नाहीत. "माझं झालं," म्हणायचे. कोंबडी गेली. मध गेला. तूप पातळ झालं. पण थाळी कधी रिकामी आली नाही, आणि शेख रोज म्हणायचे, "संकोच करू नका."

"नाही करत," सालमीन म्हणायचा, आणि खरंच करायचा नाही.

एकदा मी पाणी मागायला मागच्या दारानं स्वयंपाकघराकडे गेलो. दार अर्धं उघडं होतं. आमची असीद ज्या भांड्यात केली होती त्याला बायका खरवडत होत्या. खरवड एका ताटलीत जमा होत होती आणि भोवती पोरं बसली होती, शिस्तीत, शाळेत बसावं तशी. कोपऱ्यात शेख मबखूत उकिडवे बसले होते. त्यांच्या हातात कालच्या भाकरीचा तुकडा होता. ते तो काढ्यात बुडवत होते, आणि बुडवून थोडा थांबत होते, म्हणजे तो फुगेल.

मी पाणी न मागता परत आलो.

इथं मी जे केलं ते कुणी शहाण्या माणसानं केलं नसतं. मी किनाऱ्यावरचा. आमच्याकडे माणूस उपाशी दिसला तर आम्ही विचारतो, मासा खातोस का. डोंगरात असं विचारत नाहीत. मला हे ठाऊक होतं, पण मला त्या फुगणाऱ्या तुकड्याचं काय करावं ते सुचत नव्हतं, आणि दुपारी सगळं गाव गालात पानं घेऊन बसलेलं असताना, सगळ्यांसमोर, मी म्हणालो,

"शेख, ट्रकातलं एक पोतं उघडा की. घरात भाजा. पोरं जेवतील, तुम्हीही जेवाल. कुणाला कळणार नाही."

शेखच्या गालातली पानं थांबली. मग एकेक करत सगळ्यांच्या गालातली थांबली. अख्ख्या दिवाणखान्यात चावायचा आवाज बंद झाला तेव्हा मला कळलं की तो आवाज किती मोठा होता.

"म्हणजे," शेख सावकाश म्हणाले, "माझ्या घरात, माझ्या माणसांसमोर, मी उपाशी आहे."

"तसं नाही..."

"आणि माझ्या चेहऱ्याच्या राखणीतलं पीठ मी चोरून खावं."

"एकच पोतं," मी म्हणालो. हेही म्हणायला नको होतं.

शेखचा चुलतभाऊ जझीलान उठून उभा राहिला. जाडजूड, पंपाच्या बाबतीत सगळ्यात कडवा. "ऐकलंत? आता पंप आला तरी हे जात नाहीत. आधी अपमानाचं बघा."

रदमानकाकांनी कपाळावर हात मारून घेतला. "वाहवा. ज्यांनी आपल्याला पळवून आणलं त्यांची आता आपणच माफी मागायची. जुबरान, पोरा, तुला नाक्यांवर हसवायलाच ठेवलं होतं ना? मग हसवायचं सोडून बोललास कशाला?"

माफी मागायची तर रीत असते. आधी गहाण ठेवायचं, की हा माणूस पळणार नाही, भरपाई करेल. गहाण म्हणजे बंदूक, नाहीतर जंबिया.

"जंबिया काढ," जझीलान म्हणाला.

"नाही."

"नाही म्हणजे? देत नाहीस?"

"नाही म्हणजे नाहीच. आमच्याकडे कुणी बांधत नाही."

त्यानं माझ्या कंबरेकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "घड्याळ?"

"बंद आहे."

"मग काय ठेवणार? चप्पल?"

"फोन आहे."

त्यावर चर्चा झाली. एक म्हातारा म्हणाला, गहाणाला धार पाहिजे, फोनला धार नसते. मग शेख म्हणाले, "याच्या बहिणीचा आवाज गच्चीवरून ऐकलाय मी. धार आहे. आणा इकडे."

माझा फोन त्यांनी पगडीच्या घडीत खोचला. गहाणाची वस्तू डोक्यावरच ठेवायची असते असं काही नाही, पण त्यांच्या झग्याला खिसा नव्हता.

आता माझ्याकडे कान चिकटवायला काही उरलं नाही. तरी मी गच्चीवर जात होतो. टाकीपाशी उभा राहायचो, खाली दगड बघायचो, परत उतरायचो. सालमीन म्हणाला, "बस एका जागी, तुझ्याकडे बघून मला मळमळतं." मी म्हणालो, "ते जेवणामुळं." तो म्हणाला, "जेवण आता कुठं राहिलंय." खरंच होतं. त्या दिवशी थाळीत मेथीचा फेसच जास्त होता, खाली भाकरी शोधावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेख स्वतः गच्चीवर आले. माझ्या शेजारी टाकीला टेकून उभे राहिले.

"पोरा, तुझी बहीण मला गाढवाची लीद म्हणाली."

"तुम्ही फोन उचललात?"

"वाजत होता. डोक्यावर वाजत होता. इथं टाकीपाशी नमाजाला उभा होतो, तेव्हा वाजला. बंद कसा करतात ते कुणाला माहीत नाही. उचलला."

"मग?"

"मी म्हणालो, ताई, मी जुबरान नाही. ती म्हणाली, आवाज बदलून फसवतोस काय, आईची शपथ घे. मी म्हणालो, कुणाच्या आईची? मग लीद म्हणाली." त्यांनी पगडी नीट केली. "माझ्या बायकोनंही मला असं कधी म्हटलं नाही. निदान समोर नाही."

"ती जरा तापट आहे."

"तापट आहे, पण बोलते बरोबर. मी सांगितलं मी कोण ते. थांबली. मग म्हणाली, बरं, तुम्ही का असेनात, ऐका. आणि बाळाला फोनपाशी धरलं." खाली कुणीतरी बाई पाठीवर पाण्याचा डबा घेऊन चढ चढत होती, दर चार पावलांनी थांबत. "मी म्हणालो, ऐकू येत नाही, रेंज नाही. ती म्हणाली, रेंज आहे. ते असंच रडतं आता."

मला विनोद सुचतात, त्याची मला सवय आहे, तेव्हा सुचला नाही.

"मग सोडा ना," मी म्हणालो.

"कशाच्या नावानं सोडू?" ते पहिल्यांदाच चिडले. "सगळ्या गावानं मिळून दगड टाकलेत. यांच्या बाया दरीत मरतायत. पंप आला नाही आणि मी रस्ता उघडला तर जझीलान विचारेल, का? काय सांगू? एका बाईनं लीद म्हटलं म्हणून?" त्यांनी पगडीतला फोन चाचपला. "मला बाळ ऐकायला नको होतं. तू फोन गहाण ठेवायला नको होता."

ते उतरून गेले. जाताना म्हणाले, "जेवायला या," आणि मग जिन्यावर थांबले, कारण जेवायला काय आहे ते त्यांनाही माहीत नसावं.

माफीसाठी मेंढा हवा होता. रीत अशी की अपमान करणाऱ्यानं शेखच्या दारात, उंबऱ्याबाहेर, जनावर कापायचं. मांस गावात वाटायचं. कापणाऱ्यानंही खायचं नाही आणि ज्याच्या दारात कापलं त्यानंही नाही. गावात मेंढा एकच उरला होता, आणि तो शेखच्या आईचा, मिस्क आजींचा होता. मी आणि रदमानकाका गोठ्यापाशी गेलो. आजी पाठीनं वाकलेल्या, डोळ्यांनी तेज, मेंढ्याच्या कानातले गोचीड काढत बसल्या होत्या.

"विकायचा नाही," आम्ही तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या.

"पैसे नाहीतच," मी म्हणालो.

"मग बसा. काय आहे तुमच्याकडे?"

"पीठ," मी म्हणालो.

रदमानकाकांनी माझ्या पायावर पाय दिला.

"पिठाचं नाव काढू नकोस माझ्या घरात," आजी म्हणाल्या. "एकदा काढलंस तर मेंढ्यावर गेलं. परत काढलंस तर बैल आणावा लागेल. तो ट्रकाखाली काळा गोल लटकवलाय तो काय?"

"स्टेपनी," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला. "नाही, आजी. स्टेपनी नाही. या घाटात स्टेपनीशिवाय म्हणजे..."

"त्याच्या चपला होतात. आमच्या बाया अनवाणी दरीत उतरतात."

काकांनी मेंढ्याकडे पाहिलं. मेंढ्यानं काकांकडे. "बरं," काका म्हणाले. "एक."

"दोन. एका चाकात अर्ध्या गावाच्या चपला होतात. मग उरलेलं अर्धं गाव माझ्या दारात येऊन बसणार."

"दुसरी कुणाची देऊ? सालमीन मेला तरी देणार नाही."

"मुथन्नाची घ्या," मी म्हणालो. "तो उठेपर्यंत त्याला कळणार नाही."

सौदा झाला. मी दोरी हातात घेतली तेव्हा आजींनी माझी बाही धरली आणि हळू आवाजात विचारलं, "दारात काय बोलणार आहेस?"

"माफी मागणार."

"माफीला हा मेंढा फार मोठा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! दारात रक्त सांडलं, आणि सांडणारा हात जोडून उभा राहिला, की जे मागेल ते द्यावं लागतं. नाही म्हणायची सोय नाही. याच्या बापानं असंच एकाला विहिरीतलं अर्धं पाणी दिलं होतं. त्याला द्यायचंच होतं म्हणा, निमित्त हवं होतं." त्यांनी माझी बाही सोडली. "आणि एकदाचे जा बाबांनो. तो तुमचा हद्रमौतवाला किती खातो!"

सालमीनचा बेत शेवटी फळाला आला होता, फक्त त्याला वाटलं होतं तसा नाही.

दुपारच्या नमाजानंतर सगळं गाव शेखच्या दारात जमलं. जझीलान सगळ्यात पुढं. शेख उंबऱ्याच्या आत उभे, पगडीत माझा फोन. मी मेंढा घेऊन आलो. एका हातात रदमानकाकांचा सुरा. मी आयुष्यात मासे साफ केलेत. मासा तुमच्याकडे असा बघत नाही.

"तोंड किब्ल्याकडे, नमाजाच्या दिशेला," मागून कुणीतरी म्हणालं.

"माझं की त्याचं?"

"त्याचं!"

मी त्याचं तोंड वळवायला गेलो आणि दोरी सुटली. मेंढ्यानं इकडे तिकडे पाहिलं, गर्दीत जिथं एकच मोकळी वाट होती तिकडे धावला, आणि ती वाट शेखच्या दोन पायांमधून होती. शेख बाजूला झाले. मेंढा उंबरा ओलांडून थेट दिवाणखान्यात गेला. आतून मुथन्ना ओरडला. तो जागा झाला होता.

सगळे आत घुसायला लागले तसे शेख ओरडले, "थांबा! आत कुणी यायचं नाही. आत आलेला पाहुणा." मग त्यांना स्वतःलाच कळलं आपण काय बोललो, कारण सगळे थांबून मेंढ्याकडे नव्या नजरेनं बघायला लागले. तो उशीवर पाय देऊन उभा होता.

"जनावर पाहुणा नसतं," जझीलान म्हणाला, पण त्यालाही खात्री नव्हती.

"नसतं," शेख म्हणाले. ते आत गेले, मेंढ्याला शिंगांना धरून स्वतः ओढत बाहेर आणलं, उंबऱ्याच्या पलीकडे जमिनीवर पाडलं आणि गुडघा टेकून धरून ठेवलं. आमची तोंडं अगदी जवळ आली.

"इथं," ते पुटपुटले. "उंबऱ्याच्या आत शिंतोडा उडाला तर परत अपमान. नीट धर. देवाचं नाव घे. आणि घाबरू नकोस, हात हलला तर त्याला त्रास होतो."

मी देवाचं नाव घेतलं. हात हलला नाही.

मी उभा राहिलो. हात जोडले. "शेख, माझ्या तोंडून जे गेलं त्याची माफी द्या."

"दिली," शेख म्हणाले, आणि वळले नाहीत. ते थांबून राहिले. त्यांच्या हाताला रक्त होतं आणि ते माझ्याकडे असे बघत होते की, बोल ना पोरा, अजून काही असेल तर आत्ताच बोल.

"आणि रस्ता द्या," मी म्हणालो.

"पंपाचं काय?" जझीलान ओरडला. "शेख! पंपाचं काय?"

शेखनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते जमिनीकडे बघत होते, मातीत मुरणाऱ्या ओलीकडे. मागं उभ्या असलेल्या बायांमध्ये कुणीतरी पाण्याचा डबा खाली ठेवला, त्याचा आवाज झाला. मला वाटलं आता ते नाही म्हणतील. मी त्यांच्या जागी असतो तर म्हणालो असतो. बाळ माझ्या बहिणीचं होतं, पंप त्यांचा होता.

"माझ्या दारात रक्त सांडलंय," ते जझीलानला म्हणाले. "तूच आणायला लावलंस. रस्ता दिला."

जझीलान जमिनीवर थुंकला, पण अंगणाबाहेर जाऊन. मांसाचे वाटे घालायला लागल्यावर मात्र तो सगळ्यात आधी आला, कारण त्याला पाच पोरं होती. शेखच्या घरात काही गेलं नाही. त्यांची पोरं शेजारच्या दारात उभी राहून वास घेत होती. थोड्या वेळानं शेजारणीनं त्यांना आत ओढलं, आणि सगळ्या गावानं दुसरीकडे पाहिलं.

रस्ता मिळाला, पण दगड होतेच. लहान दगड गावकऱ्यांनी भराभर उचलले. मोठा एक होता, तो त्यांनी डोंगरावरून गडगडत खाली सोडला होता. खाली यायला त्याला कुणाची मदत लागली नव्हती. आता तो हलेना. आम्ही ढकलला, गावानं ढकलला, शेखनी रक्ताळलेल्या हातांनी ढकलला, मुथन्नानंही ढकलला आणि मग विचारलं, "हा का ढकलतोय आपण?" शेवटी रदमानकाकांनी साखळी बांधून ट्रकानं ओढला.

"कडेला ठेवा," शेख म्हणाले. "दरीत टाकू नका. लागेल."

त्यांनी पगडीतून फोन काढला, बाहीला पुसला आणि माझ्या हातात दिला. गालाला गाल लावला. "तुझ्या बहिणीला सांग, मी..." मग त्यांनी रस्त्याकडे बोट केलं. "सांग, रस्ता दिला."

मला त्यांना पीठ द्यायचं होतं. तीन ट्रक भरून होतं. मी तोंड उघडणार इतक्यात रदमानकाकांनी ट्रकाचं दार धाडकन लावलं आणि म्हणाले, "चढ. एक शब्द बोललास तर इथंच सोडून जाईन."

मी चढलो. ट्रकांचे सांधे कुरकुरत होते, आम्ही वळणावरून उतरायला लागलो. मी आरशात बघत होतो. शेवटचा ट्रक दगडाच्या पुढं सरकला, तसे गावकरी रस्त्यावर आले. जझीलान पुढं होता, शेख त्याच्या शेजारी. त्यांनी लहान दगड परत रस्त्यात रचायला घेतले. मोठ्याला सगळ्यांनी मिळून खांदा लावला. पंप अजून यायचाच होता, आणि आमच्या मागून कुणीतरी येणार होतं.

थोडं खाली उतरल्यावर रेंज आली आणि फोन वाजला.

"निघालात?" इब्तिहाल.

"निघालो."

"शपथ?"

"शपथ."

"तुझी शपथ नको. लीदवाला आहे का जवळ? त्याला दे."

"तो मागं राहिला. अगं, खरंच निघालो. काका, हॉर्न वाजवा."

रदमानकाकांनी हॉर्न वाजवला. मी फोन खिडकीबाहेर धरला. मागून सालमीननं वाजवला, त्याच्या मागून मुथन्नानं. दरीत तो आवाज इकडून तिकडे आपटत राहिला. मी फोन कानाला लावला. पलीकडे काहीच नव्हतं, मग लांबून आईचा आवाज आला. "काय म्हणतोय तो?"

"काही नाही," इब्तिहाल तिला म्हणाली. "हॉर्न वाजवतोय."

"मग बसलीस काय? लाकडं आण."

"ठेवू नकोस," इब्तिहाल मला म्हणाली. "मी लाकडं आणते. तू वाजवत राहा. थांबलास तर मला कळेल."